कुठं बसून लिहिलं?

आमच्या शाळेत इतिहासाच्या तासाआधी हात धुवावे लागत. साबण सर स्वतः आणत. प्लास्टिकच्या डबीतली लाल वडी पँटच्या खिशात असायची, त्यामुळे चालताना ते एका बाजूने फुगलेले दिसत. नळाशी रांग लागायची, मुलं हात झटकत वर्गात शिरायची, आणि मग सर टेबलावर टॅबलेट ठेवायचे. तो त्यांच्या मुलाने नवीन घेतल्यावर टाकून दिलेला. एका कोपऱ्यात काचेला तडा.

मी गणिताची. मुख्याध्यापिका झाले तरी वर्गावर जाते, आणि मला कशालाही कारण लागतं. पहिल्याच महिन्यात मी विचारलं, "सर, काचेला हात लावायला हात कशाला धुवायचे? फडक्याने पुसली की झालं."

"काच आजची आहे, बाई. पान दीडशे वर्षांचं आहे."

"पान कुठे आहे? पानाचा फोटो आहे."

"मग देवाच्या फोटोला तुम्ही उष्टा हात लावता का?"

हा माणूस वाद घालत नाही आणि हरतही नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे पाण्याला तोटा नाही, म्हणून मी विषय सोडला.

शाळा पवनेच्या खोऱ्यात आहे. वर्गाच्या खिडकीतून तिकोणा किल्ला दिसतो. ट्रेकला येणाऱ्यांना तो सुंदर वाटतो. आम्हाला तो आडवा येतो, कारण मोबाइलचा टॉवर त्याच्या पलीकडे आहे. शाळेत व्हॉट्सॲपवरचा फोटो उघडायला मधली सुट्टी पुरत नाही. अशा जागी बसून या माणसाने डिजिटल ग्रंथालयातून इतिहास शिकवायचं ठरवलं. जुनी पुस्तकं, नकाशे, फोटो, साहेबांचे अहवाल, पानन् पान कुणीकुणी इंटरनेटवर आणून ठेवलंय आणि ते फुकट वाचता येतं, हे त्यांना पन्नाशीनंतर कळलं. त्यानंतर ते पाठ्यपुस्तकाला नुसता नमस्कार करत.

दर रविवारी स्कूटरवरून लोणावळ्याला जायचे. बाजारात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं चिक्कीचं दुकान आहे. मागे गुळाची पोती ठेवतात तिथे एक स्टूल, आणि दुकानाचं वायफाय. सर तिथे संध्याकाळपर्यंत बसून पानं उतरवून घ्यायचे. सोमवारी स्टाफरूममध्ये शिरताना सांगायचे, "भरून आणलं." जणू घागर भरून आणली. सोमवारचा इतिहासाचा तास गुळाच्या वासाचा असायचा.

पावसाळ्यात स्कूटरवर टॅबलेट भिजतो म्हणून त्यांनी कामशेतच्या पत्र्याच्या डबेवाल्याकडून एक चौकोनी डबा बनवून घेतला. डबेवाल्याने विचारलं, "केक ठेवायचा का सर?" सर म्हणाले, "पेशवाई ठेवायची." त्या बिचाऱ्याने झाकणावर कडी जास्तीची लावून दिली.

वर्गात त्यांची पद्धत ठरलेली. शाळेच्या प्रोजेक्टरमधून पान पडद्यावर, म्हणजे भिंतीवर, आलं की कुणी वाचायचं नाही. आधी वर्गाने तीन प्रश्न विचारायचे. कुणी लिहिलं? कुणासाठी लिहिलं? आणि कुठं बसून लिहिलं? तिसरा प्रश्न त्यांचा लाडका. लढाईचं वर्णन करणारा लढाईत होता की पुण्यात जेवून पानसुपारी खात होता, हे कळल्याशिवाय त्यांना पुढे जाववत नसे. मुलांना ते 'साक्षीदार' म्हणत. "चला साक्षीदार, विचारा."

हा प्रश्न त्यांनी वर्गापुरता ठेवला असता तर आमचं जगणं सोपं झालं असतं. मी वराळ्याहून येते. एकदा चहाच्या वेळी मी म्हटलं, "उर्से टोलनाक्यावर आज प्रचंड रांग आहे म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"ग्रुपवर आलंय."

"तो कुठं बसून सांगतोय?"

"मला काय माहीत, सर."

"म्हणजे कुठेच बसलेला नाही," म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली. इंग्रजीच्या बाईंनी त्यांच्यासमोर बातम्या सांगणंच बंद केलं. कुणी "पूर्वीचा काळ फार चांगला होता" म्हटलं, की ते चष्मा वर करून विचारायचे, "तेव्हा तुम्ही कोण होता?"

माझी तक्रार वेगळी होती. अभ्यासक्रम मागे पडत होता. आठवीच्या पालकांपैकी एक जण येऊन म्हणाला, "बाई, पोरगं घरी येऊन सांगतं, एका फोटूवर तास गेला. पेपरात फोटू येणार हाय का?" म्हणून मी एके दिवशी न सांगता सरांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. दहा मिनिटं बसून उठायचं, आणि नंतर त्यांना ऑफिसात बोलवायचं, असा बेत होता.

भिंतीवर घाटातल्या जुन्या रेल्वेचा फोटो होता. मध्यभागी टोपीवाला साहेब, छाती काढून.

"मधला माणूस सोडा," सर म्हणाले, "त्याने पैसे देऊन काढून घेतलाय फोटो. कडेला कोण आलंय ते बघा."

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. कडेला, अर्धी कापली गेलेली एक बाई. डोक्यावर पाटी, पाटीत खडी. कडेवर मूल.

"सर, तिचा पाय अनवाणी हाय."

"सर, तिच्या पोराला टोपडं हाय, तिला चप्पल न्हाई."

"आन ती क्यामेऱ्याकडं बघतीया. बाकी कुणी बघत न्हाई."

ती का बघत असेल, यावर वर्गात भांडण लागलं. एक म्हणाला, तिला फोटो माहीत नसेल. दुसरी म्हणाली, साहेब हलू देत नसेल. शेवटच्या बाकावरची काजल नावाची मुलगी, जी माझ्या गणिताच्या तासाला फळ्याकडेही बघत नसे, उभी राहून म्हणाली, "ती बघती कारन तिला वाटतंय, आपून यात यायचं न्हाई. ती बाजूला व्हायला बघतीया." तास संपल्याची घंटा झाली तेव्हा कुणी उठेना. मीही उठले नव्हते. ऑफिसात बोलवायचं राहून गेलं. पुढे मी अधूनमधून जाऊन बसत असे, तपासणीच्या नावाखाली.

काजल डोंगरावरच्या वाडीतली. तिकडून पाचसहा मुलं येतात, पायवाटेने उतरून. खालच्या गावातली मुलं त्यांच्याशी खेळतात, डबा मात्र शेजारी बसून खात नाहीत. हे शाळेत लिहिलेलं नसतं, पण असतं. सरांच्या तासाला काजलला सूर सापडला होता. वाचायची उत्तम. अडखळायची नाही, आणि पूर्णविराम येईपर्यंत थांबायची नाही, कारण सरांनीच तसं बजावलेलं.

मग तालुक्याहून पाहुणे आले.

आमच्या खेडेगावातल्या शाळेत डिजिटल ग्रंथालयातून इतिहास शिकवतात, हे कुणीतरी वरपर्यंत पोचवलं होतं. सर आठवडाभर हवेत होते. त्यांना एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या दौऱ्याच्या जुन्या अहवालात थेट आमच्या खोऱ्याचं पान सापडलं होतं. भात, नदी, किल्ला, गावं, सगळं. पान इंग्रजीत. अर्धं त्यांनी स्वतः मराठीत आणलं. उरलेलं अर्धं, दुकान बंद व्हायची वेळ झाली म्हणून, मोबाइलला भाषांतर करायला लावलं आणि न वाचता डब्यात भरून आणलं.

पाहुणे उशिरा आले. त्यांना पुढे जेवायला जायचं होतं. "पटकन दाखवा सर, थोडक्यात," असं एक जण म्हणाला. सरांनी थोडक्यात दाखवलं. हात धुतले, पण प्रश्न विचारायला लावले नाहीत. थेट म्हणाले, "काजल, वाच."

तिने वाचलं. भाताची खाचरं, नदीकाठची आंब्याची झाडं, आपल्याच गावांची नावं ऐकून मुलं खुशीत. आणि मग पुढच्या ओळी. डोंगरावरच्या वाडीतले लोक आळशी आहेत, धान्य चोरतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये, अशा अर्थाच्या. वाडीचं नाव घालून. पूर्णविराम यायचा होता, म्हणून काजल थांबली नाही. शेवटपर्यंत वाचून खाली बसली. कुणीतरी हसलं. पाहुणे म्हणाले, "वाचन छान आहे मुलीचं," आणि जेवायला गेले.

मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत खालच्या गावच्या पाटलांचा ओंकार मोठ्यांदा म्हणाला, "मावशी, तांदळाच्या पोत्याकडं ध्यान द्या, वाडीवरची आलीत."

दुसऱ्या दिवसापासून काजल शाळेत आली नाही.

सरांनी तो डबा कपाटात टाकला आणि पाठ्यपुस्तक काढलं. प्रश्नोत्तरं सांगायची, मुलांनी उतरवायची. साबण खिशात नाही, त्यामुळे ते दोन्ही बाजूंनी सारखे दिसायला लागले. पाठ भराभर संपत होते. मला हवं होतं ते सगळं होत होतं, आणि वर्गाच्या बाहेरून जाताना आतून एकही आवाज येत नव्हता. दोन मुली ऑफिसात आल्या. "बाई, सर आजारी हायत का?"

काही दिवस वाट पाहून मी सरांना म्हटलं, "शनिवारी वाडीवर जाऊ या."

"कोणत्या तोंडाने जाऊ, बाई?"

"तोंडाचं नंतर बघू. आधी पायांनी चला."

गेलो. मला चढाची सवय नाही. सर पुढे, पत्र्याचा डबा पाठीला बांधलेला, कारण कपाटात ठेवला तरी बाहेर पडताना तो घेतल्याशिवाय त्यांना चालता येत नसे. वाडीत काजलचा बाप अंगणात कुडाच्या भिंतीला कारवीच्या काठ्या बांधत होता. त्याने घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि हातातलं काम न थांबवता विचारलं, "सर, पोरगी म्हंती शाळंत आमचं वाईट लिवलंय. व्हय का?"

"शाळेत नाही. एका जुन्या पुस्तकात आहे."

"मंग खोडा की."

"खोडता येत नाही, भाऊ. ते पुस्तक आमच्याकडे नाही. दूर कुठेतरी आहे. सगळ्या जगाला दिसतं."

त्याचा हात थांबला. "सगळ्या जगाला?"

"हो."

"आन आमी हितं."

सरांनी पाठीचा डबा सोडवून घोंगडीवर ठेवला. काजल दारात उभी होती. ती माझ्याकडे नाही, सरांकडे बघत म्हणाली, "सर, त्या दिशी तुमी इचारूच दिलं न्हाई."

"काय?"

"कुणी लिवलं ते. कुटं बसून लिवलं ते. रोज इचारायला लावता. त्या दिशी साहेब आलं तर न्हाई."

सर उठले. मला वाटलं, आता हा माणूस रडतो की काय, आणि माझ्याकडे रुमाल नव्हता. पण त्यांनी काजलच्या आईकडे पाणी मागितलं. तिने प्यायला तांब्या आणला. सरांनी पत्र्याच्या डब्यातून साबणाची डबी काढली, अंगणाच्या कडेला जाऊन हात धुतले आणि डबी काजलपुढे धरली.

"माझं चुकलं," म्हणाले. "मी ते पान पुरतं वाचलंही नव्हतं. त्याच्या मागची आणि पुढची पानं डब्यात आहेत. तीही वाचलेली नाहीत. इंग्रजी मी लावतो. विचारायचं तू. बसतेस?"

काजलने साबण घेतला नाही. "हितं कशाला? वाचलं ते समद्यांम्होरं. मग इचारीन बी समद्यांम्होरं."

बाप पहिल्यांदा हसला. "सोमवारी येईल ती," म्हणाला. उतरताना सर इतके भराभर चालले की मी दोनदा घसरले, आणि त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

सोमवारी नळावर रांग लागली. सरांनी रविवारी गुळाच्या पोत्यांमध्ये बसून त्या अधिकाऱ्याच्या पुस्तकातली आमच्या खोऱ्याची सगळी पानं स्वतःच्या हाताने मराठीत उतरवली होती. मी मागच्या बाकावर होते. तास पुरला नाही, माझा गणिताचाही त्यांना दिला.

काजलने तेच पान पुन्हा वाचलं, पूर्णविरामापर्यंत. मग पुस्तक मिटल्यासारखी हाताची घडी घालून म्हणाली, "कुणी लिवलं?"

मुलांनी शोधलं. अधिकारी, शेतसारा ठरवायला आलेला.

"कुणासाठी?"

वरच्या साहेबासाठी.

"कुटं बसून?"

इथे वेळ लागला. पानं मागेपुढे करावी लागली. मागच्या पानावर त्याने तंबू नदीकाठच्या आंब्यांखाली ठोकला होता. पुढच्या पानावर पाऊस लागला होता आणि घोडा चिखलात रुतला होता. त्याच्या पुढच्या पानावर साहेबाचा पाय सुजला होता. वाडीकडची वाट चढण्याजोगी नाही, असं त्याने स्वतःच लिहिलं होतं, आणि डोंगरावरच्या लोकांची माहिती गावच्या पाटलाने दिली, त्याने दूध आणि कोंबड्याही पाठवल्या, असंही.

"म्हंजी आला न्हाई," काजल म्हणाली. "वाडीवर आलाच न्हाई तो. खाली कोंबडी खात बसला आन आमच्याबद्दल लिवलं."

सगळा वर्ग वळून ओंकारकडे बघायला लागला.

"माझ्याकडं काय बघताय?" ओंकार म्हणाला. "मी काय तवा हुतो?"

"न्हवतास," काजल म्हणाली. "खिचडीच्या रांगेत हुतास."

सरांनी मध्ये तोंड घातलं नाही. मीही नाही. ओंकार बाकाकडे बघत म्हणाला, "ते मी उगंच बोललो." काजल म्हणाली, "ठावं हाय." आणि खाली बसली. एवढंच. ती दोघं मित्र वगैरे झाली नाहीत. पण तांदळाच्या पोत्याचा विनोद पुन्हा झाला नाही.

सरांना मात्र काजलच्या बापाचा प्रश्न सुटत नव्हता. खोडता येत नाही, मग काय करायचं? त्यांनी ठरवलं, शेजारी दुसरं पान ठेवायचं. वाडीविषयी आठवीने लिहायचं, पण अट एक: वर जाऊन, तिथे बसून. एका शनिवारी सगळा वर्ग चढला. ओंकारच्या बुटाचा तळवा वाटेत सुटला. काजलच्या बापाने तो सुतळीने आवळून दिला आणि म्हणाला, "पाटील, उतरंपर्यंत टिकंल." मुलांनी म्हाताऱ्यांना विचारून घरं कशी बांधतात, नाचणी कुठे पेरतात, कुठली झाडं तोडत नाहीत, लग्नात कोण काय वाजवतं, ते लिहिलं. आजीबाईंची बोलणी टॅबलेटवर रेकॉर्ड केली. शाळेच्या संगणकावर आमचं स्वतःचं छोटं डिजिटल ग्रंथालय झालं. साहेबाचं पान तिथे आहे, आणि त्याला लागून वाडीची पानं. प्रत्येकाच्या डोक्यावर तीन ओळी, कुणी, कुणासाठी, कुठं बसून. लोणावळ्याच्या दुकानातून ते इंटरनेटवरही चढवलं. काजलचा बाप शाळेत येऊन ते बघून गेला. स्वतःच्या आईचा आवाज टॅबलेटमधून ऐकल्यावर म्हणाला, "आता दोन्ही दिसतील न्हवं?" सर म्हणाले, दिसतील. "चालंल," म्हणाला.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांना बोलायला काही हवं म्हणून भाषण मी लिहून दिलं होतं. अध्यक्षांनी चष्मा लावून सुरुवात केली. सरांनी मुलांना पाठांतराऐवजी प्रश्न दिले, सरांनी कडेची माणसं बघायला शिकवली, वगैरे. आवाज त्यांचा चांगला आहे. सर हार घालून मान खाली घालून बसले होते, पँटचा खिसा फुगलेला.

पहिल्या रांगेत बसलेल्या काजलने हात वर केला. ती तेव्हा दहावीत होती. अध्यक्षांना वाटलं, मुलीला बरं वाटत नाही. ते थांबले.

"साहेब," ती उभी राहून म्हणाली, "तुम्ही सरांच्या तासाला कधी बसला होता का?"

इंग्रजीच्या बाईंनी डोळे मिटले. सरांनी मान वर केली, आणि मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात संकोच नव्हता. अध्यक्षांच्या उत्तराची ते वाट बघत होते.

अध्यक्ष माणूस सरळ. कागद खाली ठेवून म्हणाले, "नाही बाळ. मी नाही बसलो. हे बाईंनी लिहून दिलंय."

काजल माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही?"

"बसलेय," मी म्हटलं. "मागच्या बाकावर."

तिने जरा विचार केला.

"मग चालंल," म्हणाली आणि बसली.